पेंटागॉनजवळ न झालेला स्फोट : एका बनावट चित्राची उलटतपासणी

२२ मे २०२३, सोमवार. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजले होते आणि न्यूयॉर्कचा शेअर बाजार उघडून जेमतेम अर्धा तास झाला होता. ट्विटरवर (आताचं एक्स) एक चित्र फिरायला लागलं. सरकारी कचेरी वाटावी अशी पांढुरकी मोठी इमारत, पुढे हिरवळ आणि कुंपण, बाजूला काळ्या-करड्या धुराचा लोट. सोबतच्या मजकुराचा आशय एवढाच, की पेंटागॉनजवळ, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याच्या मुख्यालयाजवळ, मोठा स्फोट झाला आहे.

स्फोट झालेला नव्हता. चित्र एआयने बनवलेलं होतं, आणि आजच्या मानाने पाहिलं तर बऱ्यापैकी ओबडधोबड होतं. तरीही डीपफेक (एआयने बनवलेले खोटे व्हिडिओ किंवा आवाज) आणि बनावट चित्रं कशी ओळखायची हा विषय निघाला की मी आधी हेच प्रकरण समोर ठेवतो. त्याचा पसारा अर्ध्या तासाचा आहे, त्यातला प्रत्येक टप्पा नोंदलेला आहे आणि कुठली तपासणी खरोखर कामी आली ते त्यात स्वच्छ दिसतं. शिवाय कुठल्या तपासणीचा तेव्हा उपयोग झाला आणि आता होणार नाही, हेही दिसतं. ते जास्त महत्त्वाचं.

अर्ध्या तासाचा हिशेब

चित्र पसरवणाऱ्या खात्यांमध्ये एकाचं नाव होतं ‘ब्लूमबर्गफीड’. नाव असं की ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेचंच खातं वाटावं, आणि नावापुढे निळी टिक. त्या संस्थेशी या खात्याचा काडीचा संबंध नव्हता. पण महिनाभरापूर्वीच, एप्रिल २०२३ मध्ये, ट्विटरने ओळख तपासून दिलेल्या जुन्या टिक काढून टाकल्या होत्या आणि महिना ८ डॉलर भरणाऱ्याला टिक मिळत होती. वाचणाऱ्यांच्या डोळ्यांना मात्र निळी टिक म्हणजे ‘हा माणूस तोच आहे’ अशी वर्षानुवर्षांची सवय होती. नियम बदलला होता, सवय बदललेली नव्हती.

मग आरटी या रशियन सरकारी वाहिनीच्या खात्याने ते चित्र टाकलं आणि नंतर काढून टाकलं. आरटीच्या भरवशावर एका भारतीय वृत्तवाहिनीने ‘पेंटागॉनजवळ स्फोट’ अशी ब्रेकिंग न्यूज चालवली, आणि आरटीने पोस्ट उडवल्यावर तीही मागे घेतली. बातमी ज्याच्या हवाल्याने दिली त्याने कोणाच्या हवाल्याने दिली, हे विचारायला कोणी थांबलं नाही. एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवायचं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, आणि साखळीच्या टोकाला एक चित्र आणि एक विकत घेतलेली टिक.

बाजारात काय झालं त्याची मिनिटागणिक नोंद आहे. डाऊ जोन्स निर्देशांक १० वाजून ६ मिनिटं ते १० वाजून १० मिनिटं या वेळात साधारण ८० अंकांनी घसरला आणि १० वाजून १३ मिनिटांपर्यंत पूर्ण सावरला. एस अँड पी ५०० हा दुसरा निर्देशांक ०.०२ टक्के वर होता, तो ०.१५ टक्के खाली आला आणि लगेच पुन्हा वर गेला. साडेदहाच्या सुमारास, पेंटागॉन जिथे आहे त्या आर्लिंग्टन परगण्याच्या अग्निशमन दलाने, पेंटागॉनच्या सुरक्षा यंत्रणेचा हवाला देत, जाहीर केलं की पेंटागॉनच्या आवारात किंवा आसपास कोणताही स्फोट वा दुर्घटना झालेली नाही आणि लोकांना धोका नाही. ब्लूमबर्गफीड हे खातं नंतर ट्विटरने बंद केलं.

यातला क्रम पाहण्यासारखा आहे. अधिकृत खुलासा येण्याआधीच बाजार ताळ्यावर आला होता. म्हणजे ज्यांचे पैसे पणाला लागले होते त्यांना सरकारी निवेदनाची वाट पाहावी लागली नाही. त्यांनी, किंवा त्यांच्या आसपासच्या कोणीतरी, दुसऱ्या कुठल्यातरी वाटेने ‘यात पाणी मुरतंय’ हे ताडलं. ती वाट कोणती, हा या प्रकरणाचा गाभा.

चित्राच्या आत

आधी सगळे पाहतात ती बाजू पाहू, म्हणजे चित्रच.

धुराकडे पाहू नका. सगळ्यांची नजर तिथेच जाते आणि तिथे हाती काहीच लागत नाही. धुराला ठरलेला आकार नसतो, त्यामुळे तो काढताना यंत्राची चूक होण्याची शक्यता फार कमी. नजर खाली आणा, कंटाळवाण्या भागांकडे. हिरवळ जिथे संपते आणि फरसबंदी सुरू होते ती रेघ बघा. या चित्रात ती रेघच नाही. गवत आणि काँक्रीट एकमेकांत विरघळून गेलंय. आता कुंपण धरा. एका टोकापासून एकेक गज मोजत, बोट ठेवून पुढे सरका. गजांमधलं अंतर सारखं राहत नाही, आणि पुढे गेल्यावर कुंपण कुठे संपलं आणि गर्दी अडवायला लावतात ते सुटे कठडे कुठे सुरू झाले, हे सांगता येत नाही. एक काळा खांब तर पदपथाच्या पुढच्या बाजूने वर आलाय आणि त्याच वेळी तो मागच्या कुंपणाचाही भाग आहे. खऱ्या जगात खांबाला या दोन्हींतली एकच जागा घ्यावी लागते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतले हनी फरीद हे डिजिटल प्रतिमांच्या न्यायवैद्यक तपासणीतलं मोठं नाव. त्यांनी त्या दिवशी याच खुणांवर बोट ठेवलं आणि एक बारीक भेदही सांगितला. कोणी खऱ्या फोटोत नुसता धूर घुसवला असता, तर इमारत आणि कुंपण जागच्या जागी धड राहिलं असतं. चूक बांधकामातच आहे, म्हणजे चित्र मुळापासून बनवलेलं आहे. हा भेद कामाचा आहे, कारण त्यावरून पुढची शोधाशोध ठरते. जोडकाम असेल तर मूळ फोटो कुठेतरी सापडतो आणि तो शेजारी ठेवला की प्रकरण मिटतं. मुळापासून बनवलेल्या चित्राला ‘मूळ’ नसतंच.

अशा चुका का होतात, ते थोडक्यात. चित्रं बनवणारी ही एआय यंत्रं निव्वळ ठिपक्यांच्या गोंधळापासून सुरुवात करतात आणि दिलेल्या शब्दांशी जुळेल असं चित्र टप्प्याटप्प्याने त्यातून स्वच्छ करत आणतात. कुंपण साधारण कसं दिसतं हे त्यांनी लाखो चित्रांतून उचललेलं असतं. गज खाली जमिनीत रोवलेला असतो, आडवी पट्टी एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत जायलाच हवी, हा हिशेब त्यांना कोणी वेगळा शिकवलेला नसतो. म्हणून इंचभर तुकडा पाहिला तर सगळं ठीक, आणि हातभर अंतर चाललात की घोळ.

यापेक्षाही सोपी गोष्ट म्हणजे ही इमारत पेंटागॉन नाही. पेंटागॉन बसकी आणि प्रचंड पसरलेली वास्तू आहे: जमिनीवर पाच मजले, पाच बाजू, प्रत्येक बाजू सुमारे २८० मीटर लांब, दर्शनी भागाला इंडियानाचा चुनखडी दगड. जगात सर्वाधिक फोटो निघालेल्या इमारतींपैकी ती एक असेल. तिच्या खिडक्यांच्या रांगा आणि चित्रातल्या खिडक्या शेजारी-शेजारी ठेवल्या असत्या तर मिनिटभरात उलगडा झाला असता. त्यासाठी तज्ज्ञ लागत नाही. पण ओळीत ‘पेंटागॉन’ लिहिलं होतं आणि चित्रात मोठी सरकारी इमारत होती, एवढ्यावर डोळ्यांनी बाकीचं स्वतःच भरून घेतलं.

इथे एक इशारा द्यायला हवा. वरच्या परिच्छेदांतलं कुंपण-खांब प्रकरण वाचून ‘हे आपल्याला जमेल’ असं वाटलं असेल, तर त्याची मुदत झपाट्याने संपते आहे. हाताला सहा बोटं, पाटीवरची अगम्य अक्षरं, कानातल्या दोन डुलांत फरक, या खुणा २०२३ मध्ये हुकमी होत्या. नवी यंत्रं त्या चुका फारशा करत नाहीत. तरीही ‘एआय चित्र ओळखण्याच्या युक्त्या’ म्हणून त्याच याद्या अजून फिरतात, आणि त्यांचा उलट तोटाच होतो. यादीतली एकही खूण सापडली नाही की लोक चित्र खरं मानून मोकळे होतात.

जरा जास्त टिकाऊ खुणा भूमितीच्या आहेत. प्रत्यक्षात समांतर असलेल्या रेषा, उदाहरणार्थ एकाच भिंतीवरच्या खिडक्यांच्या वरच्या आणि खालच्या कडा, चित्रात लांबवल्या की एकाच बिंदूत मिळायला हव्यात. उन्हातल्या प्रत्येक वस्तूच्या टोकापासून तिच्या सावलीच्या टोकापर्यंत रेघ ओढली की त्या सगळ्या रेघा एकाच दिव्याकडे, म्हणजे सूर्याकडे जायला हव्यात. आरशातल्या किंवा पाण्यातल्या प्रतिबिंबालाही असेच नियम आहेत. पट्टी-पेन्सिल घेऊन हे तपासता येतं. उघड्या डोळ्यांनी मात्र येत नाही, कारण सावली थोडी चुकली तर माणसाच्या मेंदूला ते खटकतच नाही. चित्र लहान, धूसर आणि धुराने भरलेलं असेल तर रेघ ओढायला धड कडाच सापडत नाहीत, हीसुद्धा अडचण आहे.

सॉफ्टवेअरला विचारलं असतं तर

‘एआय चित्र ओळखून देणारं एखादं सॉफ्टवेअर सांगा’ असं लोक हटकून विचारतात. अशी सॉफ्टवेअर आहेत आणि ती निरुपयोगी नाहीत. कॅमेऱ्याच्या संवेदकावरचा प्रत्येक बिंदू प्रकाशाला किंचित वेगळा प्रतिसाद देतो. त्यामुळे खऱ्या फोटोवर त्या कॅमेऱ्याची अशी एक पुसट जाळी उमटते. बनवलेल्या चित्रात ती नसते, उलट ठिपके मोठे करत नेण्याच्या प्रक्रियेतून आलेली वेगळीच नियमितता कधी कधी असते. या खुणा डोळ्यांना दिसत नाहीत, गणिताला दिसतात.

मुश्कील अशी की त्या फार नाजूक असतात. चित्र एक्सवर चढवलं की दाबून लहान केलं जातं. तिथून कोणी स्क्रीनशॉट घेतो, तो व्हॉट्सॲपवर पाठवतो, तिथे पुन्हा दाबला जातो. तपासणाऱ्याच्या हाती येतं ते पाचव्या पिढीचं चित्र. त्या सूक्ष्म जाळीतलं किती उरलं असेल? शिवाय अशी सॉफ्टवेअर ज्या यंत्रांच्या चित्रांवर शिकलेली असतात ती यंत्रं त्यांना ओळखू येतात, मागच्या महिन्यात आलेलं नवं यंत्र ओळखू येईलच असं नाही.

आणि समजा सॉफ्टवेअर चांगलं आहे. आकडे सोयीसाठी मनचे घेतो. ते शंभरात ९५ वेळा बरोबर सांगतं. बातमीदारांच्या टेबलावर दिवसात १००० चित्रं येतात आणि त्यांतली २० बनावट आहेत. सॉफ्टवेअर त्या २० पैकी १९ पकडेल, उत्तम. पण उरलेल्या ९८० खऱ्या चित्रांपैकी ४९ चित्रांनाही ते ‘बनावट’ म्हणेल. म्हणजे लाल शेरा बसलेल्या ६८ चित्रांत ४९ खरी. अशा शेऱ्यावर बातमी दाबायची की छापायची? ‘९५ टक्के अचूक’ हे जाहिरातीत वाचताना ही बेरीज-वजाबाकी कोणी दाखवत नाही. सॉफ्टवेअरचं उत्तर म्हणजे ‘इकडे जरा नीट बघा’ अशी सूचना, यापलीकडे त्याला वजन देऊ नये असं माझं मत आहे. विशेषतः ‘८७ टक्के एआय’ असा आकडा आला की लोक त्याला पुराव्याचा दर्जा देतात, ते तर अजिबात करू नये.

चित्राचा उलटा शोध घेण्याची, म्हणजे चित्रच देऊन ते आधी कुठे आलंय हे शोधण्याची गोष्ट वेगळी. ते पडताळणीचं रोजचं हत्यार. जुन्या युद्धाचा फोटो नव्या युद्धाचा म्हणून खपवला तर हा शोध त्याची जुनी प्रत काढून दाखवतो आणि प्रकरण दोन मिनिटांत संपतं. पेंटागॉनच्या चित्राची जुनी प्रत सापडणं शक्यच नव्हतं. पूर्वी ‘हे चित्र याआधी कुठेही आलेलं नाही’ हे उत्तर चित्राच्या बाजूने मोजलं जायचं: ताजं आहे, म्हणजे आजचंच असेल. मुळापासून बनवलेली चित्रं आल्यावर हा तर्क कोसळला. रिकामं उत्तर आता कोणाच्याच बाजूने साक्ष देत नाही. हा बदल सवयीत मुरायला वेळ लागतो, आणि मुरलेले तपासनीसही घाईत असले की इथे घसरतात.

राहिला प्रश्न ‘जन्मदाखल्या’चा. चित्र कुठे, कशाने तयार झालं आणि त्यात पुढे काय बदल झाले याची सही केलेली नोंद फाइलसोबतच ठेवायची, यासाठी अडोबी, मायक्रोसॉफ्ट, इंटेल, आर्म, बीबीसी आणि ट्रूपिक यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये सीटूपीए हे मानक बनवायला घेतलं. अशी सही कॅमेऱ्यातच करणारा लायका कंपनीचा एम११-पी हा कॅमेरा ऑक्टोबर २०२३ मध्ये आला. गूगल डीपमाइंडने ऑगस्ट २०२३ मध्ये सिंथआयडी आणलं. त्यात यंत्राने बनवलेल्या चित्रातच न दिसणारी खूण पेरलेली असते. कल्पना चांगल्या आहेत. पण मे महिन्यातलं ते चित्र आज आलं तरी यांच्या जाळ्यात सापडेलच असं नाही. बनवणारा खूण न पेरणारं यंत्र वापरेल, आणि नोंद असलीच तरी एका स्क्रीनशॉटमध्ये ती गळून पडेल. सही असेल तर ती काही सांगते. सही नसणं काहीच सांगत नाही, कारण जगातल्या बहुतेक खऱ्या फोटोंनाही ती नसते.

चित्राच्या बाहेर

आता सुरुवातीला म्हटलेली, सरकारी खुलाशाआधीच संशय येण्याची ती वाट. उघड्या स्रोतांवरून तपास करणाऱ्या बेलिंगकॅट या गटातले निक वॉटर्स यांनी त्या सकाळी हे चित्र बनावट असल्याचं लगोलग लिहिलं. इमारतीचा दर्शनी भाग आणि कठड्यांत विरघळणारं कुंपण हे दोन मुद्दे त्यांनी मांडलेच. तिसरा मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटतो: दुसरा एकही फोटो नाही, व्हिडिओ नाही, ‘मी तिथे आहे, मी पाहिलं’ म्हणणारा एकही माणूस नाही.

हा मुद्दा जरा उकलून पाहू. चित्र खरं असतं तर आणखी काय काय असायला हवं होतं? पेंटागॉनमध्ये हजारो लोक काम करतात आणि सोमवारी सकाळी दहाला ते कामावर असतात. शेजारून मोठा महामार्ग जातो. आवारालगत मेट्रोचं स्थानक आणि बसतळ आहे. जवळच रीगन विमानतळ आहे, तिथे येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांच्या खिडक्यांतून हा भाग दिसतो. इमारतीच्या आतच पत्रकारांची खोली होती. पलीकडे पोटोमॅक नदी आणि नदीपार वॉशिंग्टन शहर. एवढा मोठा काळा धूर तिथे उठला असता तर दहा मिनिटांत शेकडो फोनमधून, दहा दिशांनी, कमीजास्त हललेले, तिरके, अर्धवट, बोट मध्ये आलेले व्हिडिओ पडले असते. रस्त्यावरच्या वाहतूक कॅमेऱ्यांत तो दिसला असता. आवाजाबद्दल विचारणारे, घरच्यांची चौकशी करणारे, मेट्रो का थांबली म्हणून वैतागणारे लोक बोलू लागले असते.

यातलं काहीच नव्हतं. होतं ते एकच चित्र, एकाच कोनातून, आणि प्रत्येकजण तेच पुढे ढकलत होता.

खरी घटना गावजेवणासारखी असते: ज्याला विचारावं तो वेगळीच गोष्ट सांगतो, पण तिथे होता हे कळतं. बनावट घटनेबद्दल सगळे शब्दशः एकच सांगतात. या तपासणीला यंत्राच्या प्रगतीने फारसा धक्का बसत नाही. चित्रातलं कुंपण उद्या निर्दोष होईल, पण मेट्रोच्या फलाटावरची शेकडो अनोळखी माणसं उभी करून त्यांच्या जुन्या खात्यांवरून, त्यांच्या त्यांच्या भाषेत, परस्परांशी जुळणारी आणि तरीही वेगवेगळी साक्ष उभी करणं हे फार वेगळ्या ताकदीचं काम आहे. अशक्य नाही. पण एका चित्राच्या खर्चात होणारं नाही.

मला वाटतं बाजारातले लोक याच वाटेने सावरले असणार. ज्यांच्यासमोर दिवसभर बातम्यांचे अनेक प्रवाह चालू असतात त्यांना ‘दुसरीकडे कुठेच नाही’ हे फार लवकर कळतं.

चित्राने किती नुकसान केलं?

इथे एक जुनी घटना शेजारी ठेवतो, कारण तिच्याशिवाय या प्रकरणाचा अर्थ चुकीचा लागतो. २३ एप्रिल २०१३ रोजी असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचं ट्विटर खातं हॅक झालं आणि त्यावरून एक वाक्य टाकलं गेलं: व्हाइट हाउसमध्ये दोन स्फोट, बराक ओबामा जखमी. डाऊ जोन्स काही मिनिटांत १४० हून अधिक अंकांनी, म्हणजे जवळपास १ टक्क्याने कोसळला आणि मग सावरला. चित्र नव्हतं. एआय नव्हतं. एक ओळ, फक्त खऱ्या खात्यावरून.

२०२३ मध्ये चित्र होतं, टिक होती, आणि घसरण साधारण पाव टक्क्याची. दोन दिवसांच्या बाजारांची तुलना काटेकोर होत नाही हे मान्य. तरीही वजन कुठे आहे ते दिसतं. लोकांनी विश्वास ठेवला तो नावावर. चित्राने त्या नावाला हातभार लावला इतकंच. म्हणून असं काही समोर आलं की माझा पहिला प्रश्न चित्राबद्दल नसतो. हे खातं कधीपासून आहे, याआधी काय टाकत आलंय, नाव कोणासारखं आहे आणि कोणाचं आहे, हे विचारायला अर्धं मिनिट लागतं. ब्लूमबर्गफीडच्या बाबतीत तेवढ्यावरच काम भागलं असतं.

उलटी बाजू

‘विचित्र दिसतंय, म्हणजे बनावट’ ही घाईही तितकीच घातक. गॅबॉन या आफ्रिकी देशाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष अली बोंगो ऑक्टोबर २०१८ मध्ये सौदी अरेबियात आजारी पडले आणि कित्येक आठवडे लोकांना दिसलेच नाहीत. अफवा उठल्या. नववर्षाच्या निमित्ताने त्यांच्या भाषणाचा व्हिडिओ आला. चेहरा ताठर, उजवा हात जवळपास निश्चल, डोळ्यांची हालचाल अवघडलेली. हा डीपफेक आहे असं विरोधकांतून म्हटलं जाऊ लागलं. ७ जानेवारी २०१९ रोजी लष्करातल्या एका गटाने बंडाचा प्रयत्न केला आणि त्या भाषणामुळे राष्ट्राध्यक्षांच्या क्षमतेविषयी शंका बळावल्याचं सांगितलं. बंड काही तासांत फसलं. पुढे तज्ज्ञांनी व्हिडिओ तपासला, त्यात फेरफाराचा पुरावा मिळाला नाही. बोंगोंना पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. आजारी माणूस आजारी दिसत होता.

त्या काळात डीपफेकची एक खूण सांगितली जायची: त्यातली माणसं पापण्या फार कमी लववतात. २०१८ मध्ये सिवेई ल्यू यांच्या संशोधक गटाने ती दाखवून दिली होती आणि तेव्हा ती खरीही होती. बनवणाऱ्यांनी ती उणीव लवकरच भरून काढली. म्हणजे नवे डीपफेक त्या खुणेतून निसटले, आणि आजारपणामुळे पापण्या कमी हलणारा खरा माणूस तिच्यात अडकला. एकाच ठोकताळ्याने दोन्ही बाजूंनी फसवलं.

ही रीत कुठे अडते

पेंटागॉनच्या प्रकरणात तपासनीसांचं नशीब चांगलं होतं. जागा जगप्रसिद्ध, वेळ दिवसाढवळ्याची, भोवती हजारो डोळे. ‘आणखी काय असायला हवं होतं’ हा प्रश्न तिथे झटक्यात उत्तर देतो. पण दावा बंद खोलीतला असेल तर? सप्टेंबर २०२३ मध्ये स्लोव्हाकियात निवडणूक दोन दिवसांवर आलेली असताना एक ध्वनिफीत पसरली. त्यात प्रोग्रेसिव्ह स्लोव्हाकिया पक्षाचे नेते मिखाल शिमेचका आणि एक पत्रकार निवडणुकीत गैरप्रकार करण्याबद्दल बोलत असल्याचं ऐकू येत होतं. दोघांनीही ते बनावट असल्याचं सांगितलं आणि तज्ज्ञांना त्यात एआयच्या खुणा आढळल्या. पण मतदानाआधीच्या सक्तीच्या शांततेचा काळ सुरू झालेला असल्याने खुलासा तितक्या जोराने पोहोचवणं अवघड होतं. इथे साक्षीदार नसणं संशयास्पद ठरत नाही. दोन माणसांच्या खाजगी बोलण्याला साक्षीदार कसे असतील?

अशा वेळी काम बदलतं. फाइलची सर्वांत जुनी प्रत कुठे आणि किती वाजता दिसली, ती टाकणाऱ्याकडे मूळ फाइल आहे की तोही पुढे ढकलणाराच, संभाषण कधी आणि कुठे झाल्याचा दावा आहे, त्या वेळी ती दोन माणसं तिथे असू शकत होती का, हे विचारायचं. आवाजाचं विश्लेषण त्याच्या जोडीला, एकट्याने नाही. आणि वेळेत उत्तर मिळालं नाही तर निकालाची भाषा जपून वापरायची. ‘बनावट’ हा शेरा बनावट असल्याचा पुरावा हाती असेल तेव्हाच लिहायचा. घटना घडलेली नाही हे ठाऊक आहे पण चित्र कशाने बनलं ते ठाऊक नाही, तर ‘अशी घटना घडलेली नाही’ एवढंच लिहायचं. आर्लिंग्टनच्या अग्निशमन दलाने नेमकं हेच केलं होतं. चित्र एआयचं की जोडकामाचं, या वादात ते पडलेच नाहीत. आणि यातलं काहीच ठरवता येत नसेल तर ‘पुष्टी झालेली नाही’ लिहून, कशाकशाची तपासणी केली आणि काय बाकी आहे ते खाली जोडायचं, म्हणजे पुढचा माणूस तिथून सुरुवात करू शकतो.